दोन ग्राफिक कार्डे आणि एक मशीन : परभणीतील एका गेमिंग कॅफेच्या खरेदीचे प्रकरण

परभणीत एका महाविद्यालयाजवळ दोन चुलत भाऊ भागीदारीत सहा मशीनचा गेमिंग कॅफे चालवतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांना सहाही मशीनची ग्राफिक कार्डे बदलायची होती. थोरल्याचा कौल एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ला होता, तर धाकटा एएमडीच्या आरएक्स ७६०० वर ठाम होता. दोघेही पुरेशी माहिती काढून बोलत होते, दोघांकडे आकडे होते, आणि एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी कुठेच जुळत नव्हते. ती सगळी मशीन मी असेंबल केलेली असल्यामुळे आणि देखभालही माझ्याकडेच असल्यामुळे निवाड्याचे काम माझ्याकडे आले.

प्रत्येक मशीनमध्ये रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी ४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर ४ रॅम, वीज पुरवणारे ५५० वॉटचे एसएमपीएस आणि ४ जीबीचे जीटीएक्स १६५० कार्ड होते. मॉनिटर १९२० बाय १०८० चे, सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारे, म्हणजे १४४ हर्ट्‌झचे. ही यादी कंटाळवाणी वाटली तरी प्रकरणाचा निकाल शेवटी तिच्यातूनच निघाला, त्यामुळे ती वाचकाने लक्षात ठेवावी.

कागदावर दोन्ही कार्डे सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. दोन्ही २०२३ च्या मे-जूनमध्ये बाजारात आली. दोन्हींची मेमरी ८ जीबी, मेमरीचा मार्ग १२८ बिटचा आणि मदरबोर्डशी जोडणी आठ लेनची, म्हणजे माहिती वाहणाऱ्या आठ वाटांची आहे. मेमरीचा वेग ७६०० चा सेकंदाला २८८ जीबी आणि ४०६० चा २७२ जीबी आहे. जाहीर किंमत ७६०० ची २६९ डॉलर आणि ४०६० ची २९९ डॉलर होती. डोळ्यांत भरणारा फरक विजेचा आहे: ४०६० ची मर्यादा ११५ वॉट, ७६०० ची १६५ वॉट.

दोघांचे आकडे

थोरल्याने दाखवलेल्या तक्त्यात ४०६० जवळजवळ दुप्पट वेगवान दिसत होते. मी तक्ता शेवटपर्यंत वाचला तेव्हा खालच्या बारीक ओळीत खुलासा सापडला. ४०६० ची मोजणी डीएलएसएस (लहान चित्र काढून ते वाढवणारे एनव्हिडियाचे तंत्र) आणि फ्रेम जनरेशन चालू ठेवून केलेली होती आणि ७६०० ची मोजणी त्यांतले काहीही न वापरता केलेली होती. फ्रेम जनरेशनमध्ये कार्ड गेमने तयार केलेल्या दोन फ्रेमच्या (पडद्यावरच्या एकेका चित्राच्या) मध्ये स्वतः अंदाजाने एक फ्रेम घालते. त्यामुळे पडद्यावरची हालचाल अधिक सलग दिसते, परंतु माउस हलवल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंतचा विलंब कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. नेमबाजीच्या गेममध्ये खेळाडूला हवा असतो तो कमी विलंब. अशी सरमिसळ मोठ्या व्यासपीठांवरही झालेली आहे. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे मागच्या पिढीतल्या सर्वांत ताकदवान ४०९० च्या तोडीचे असल्याचे मंचावरून सांगितले, आणि ती तोड एका खऱ्या फ्रेममागे अनेक फ्रेम घालणाऱ्या डीएलएसएस ४ च्या आधारावर होती. तंत्र उपयुक्त आहे, यात मला शंका नाही. पण त्याचा आकडा आणि साध्या फ्रेमचा आकडा एकाच रकान्यात मांडणे हा ग्राहकावर अन्याय आहे.

धाकट्याचा तक्ता याहून प्रामाणिक होता. त्यात दोन्ही कार्डे एकाच सेटिंगवर, कोणतेही साहाय्यक तंत्र न वापरता मोजलेली होती आणि ७६०० बहुतेक ठिकाणी बरोबरीत किंवा किंचित पुढे होते. त्या मोजणीचे मशीन मात्र बाजारातल्या सर्वांत वेगवान गेमिंग प्रोसेसरचे होते, बोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाच्या) नव्या पिढीचा होता आणि खोली वातानुकूलित होती. कार्डाची स्वतःची ताकद जोखायची असेल तर अशीच मोजणी करावी लागते, कारण तिथे दुसरा कोणताही भाग कार्डाला अडवत नाही. परभणीतल्या कॅफेत पाच-सहा वर्षे जुन्या प्रोसेसरसोबत तेच कार्ड काय देईल, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्या तक्त्यात त्याचे उत्तर नव्हते.

म्हणजे दोघांचेही आकडे खरे होते आणि दोघांनाही हवे असलेले उत्तर त्यांत नव्हते. धाकटाच म्हणाला, “दादा, आपल्याच मशीनवर दोन्ही लावून बघू ना.” त्याचे हे म्हणणे लगेच मान्य झाले.

मोजणीची तयारी

एक ७६०० पुण्याहून सुट्टीला आलेल्या त्यांच्या मित्राच्या मशीनमधून मिळाले. ४०६० एका ओळखीच्या डीलरने खोक्यासह वापरायला दिले. इथे पहिली काळजी घ्यावी लागली. चिप एकच असली तरी कार्ड बनवणाऱ्या कंपन्या तिच्यावर एक, दोन किंवा तीन पंखे बसवतात आणि काही जण कारखान्यातच तिचा वेग थोडा वाढवून देतात. एका बाजूला तीन पंख्यांचे वाढीव वेगाचे मॉडेल आणि दुसऱ्या बाजूला एका पंख्याचे स्वस्त मॉडेल ठेवले, तर आपण चिपची तुलना न करता पंख्यांची करतो. सुदैवाने आमची दोन्ही मॉडेले दोन पंख्यांची, मूळ वेगाच्या जवळची होती.

दोन्ही कार्डे एकाच मशीनमध्ये आळीपाळीने लावायची, हे आधीच ठरले होते. दोन मशीन सारखी असेंबल केलेली असली तरी एकाच्या रॅमची मेमरी प्रोफाइल (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद असू शकते, दुसऱ्यात पार्श्वभूमीला विंडोजचे अपडेट चालू असू शकते. कार्ड बदलताना प्रत्येक वेळी विंडोज सेफ मोडमध्ये चालू करून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुन्या ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मागमूस काढला आणि मग नव्या कार्डाचा त्या दिवसाचा ताजा ड्रायव्हर टाकला. बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारे त्याचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून रिसायझेबल बार दोन्हींसाठी चालू ठेवला. या सोयीमुळे प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण मेमरी एकदम दिसते आणि एएमडीच्या कार्डांना काही गेममध्ये तिचा चांगलाच लाभ होतो. ती बंद ठेवली असती तर ७६०० वर अन्याय झाला असता. चालू ठेवल्याने ४०६० चे काही बिघडत नाही, कारण एनव्हिडियाचा ड्रायव्हर निवडक गेममध्येच ती वापरतो.

कोणते गेम मोजायचे, यावर मात्र मी कठोर राहिलो. कॅफेत कोणत्या खुर्चीवर कोण काय खेळले, याची वही थोरला रोज ठेवतो. ती वही पाहिली. बहुतांश तास व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या गेमचे होते, त्यानंतर जीटीए ५, आणि उरलेले थोडे तास सायबरपंक २०७७ सारख्या मोठ्या एकट्याने खेळायच्या गेमचे. मोजायचे तर हेच. जीटीए ५ ची जुनी आवृत्ती आणि २०२५ च्या मार्चमध्ये आलेली सुधारित आवृत्ती यांचा ग्राफिकचा भार निराळा असल्यामुळे दोन्ही कार्डांसाठी जुनीच आवृत्ती धरली.

केवळ गेममध्ये अंगभूत असलेल्या चाचणीवर मी विसंबत नाही. त्याला इतिहास आहे. २००१ मध्ये ग्राफिक कार्डे बनवणाऱ्या एटीआयचा ड्रायव्हर क्वेक ३ हा गेम त्याच्या फाइलच्या नावावरून ओळखतो, असे उघडकीस आले. परीक्षकांनी फाइलचे नाव बदलून ‘क्वॅक’ केले तेव्हा चित्राचा दर्जा सुधारला आणि वेग घटला. २००३ मध्ये थ्रीडीमार्क ०३ या चाचणीत एनव्हिडियाचा ड्रायव्हर कॅमेऱ्याच्या ठरलेल्या वाटेबाहेरचे दृश्य रंगवतच नव्हता, हे चाचणी बनवणाऱ्या कंपनीने दाखवून दिले. या दोन्ही गोष्टी जुन्या आहेत आणि आजच्या कार्डांवर त्यांचा ठपका ठेवता येणार नाही, पण खऱ्या खेळातली ठरलेली वाट स्वतः चालून मोजण्याची सवय तेव्हापासून परीक्षकांना लागली आणि ती योग्य आहे. आम्ही प्रत्येक गेममध्ये एक वाट ठरवली, ती धाकट्यानेच प्रत्येक वेळी चालायची असे ठरवले, आणि मोजणीसाठी इंटेलच्या प्रेझेंटमॉनवर आधारलेला कॅपफ्रेमएक्स वापरला.

प्रत्येक कार्ड लावल्यावर आधी अर्धा तास गेम चालवून ते तापू दिले. थंड कार्ड पहिली काही मिनिटे अधिक वेगाने धावते, आणि ज्याची पाळी सकाळी येते त्याला हा लाभ फुकट मिळतो. त्याच कारणाने ४०६० नंतर ७६०० आणि पुन्हा ४०६० असा क्रम ठेवला. एकाच कार्डाच्या दोन पाळ्यांत जेवढा फरक येतो, त्याहून लहान फरकाला फरक म्हणायचे नाही, हा नियम दोघा भावांनी मोजणीआधीच मान्य केला. नंतर मान्य करायला सांगितले असते तर कुणीच केले नसते.

सरासरीखाली काय दडते

एका सेकंदात किती फ्रेम आल्या, हा आकडा सगळे सांगतात. समजा त्या सेकंदात ९९ फ्रेम प्रत्येकी ९ मिलिसेकंदांत आल्या आणि एक फ्रेम १०९ मिलिसेकंदांनी आली. बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद होते, म्हणजे वेग सेकंदाला १०० फ्रेम. कागदावर उत्तम. खेळणाऱ्याला मात्र त्या एका फ्रेमला मोठा झटका बसतो आणि समोरचा शत्रू नेमका तेव्हाच कोपऱ्यातून बाहेर येतो. ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाचे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये प्रत्येक फ्रेमचा वेळ स्वतंत्र मोजून हे ठळकपणे मांडले, आणि तेव्हापासून सरासरीच्या शेजारी सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा वेग देण्याची पद्धत रूढ झाली. आमच्या तक्त्यात तोच रकाना मी सरासरीच्या आधी ठेवला.

आणखी एक सापळा अनेक गेमची मिळून सरासरी काढताना असतो. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पहिले कार्ड एका हलक्या गेममध्ये ४०० आणि एका जड गेममध्ये ५० फ्रेम देते. दुसरे ३६० आणि ६५ देते. साधी सरासरी काढली तर पहिले २२५ आणि दुसरे २१२.५, म्हणजे पहिले जिंकले. प्रत्यक्षात दुसरे कार्ड हलक्या गेममध्ये १० टक्के मागे आहे आणि जड गेममध्ये ३० टक्के पुढे आहे. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतले, म्हणजे भूमितीय सरासरी काढली, तर पहिले सुमारे १४१ आणि दुसरे सुमारे १५३ येते. साध्या सरासरीत हलक्या गेमचे मोठे आकडे जड गेमला दाबून टाकतात. १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर ३६० आणि ४०० मधला फरक बहुतेकांना जाणवणार नाही, ५० आणि ६५ मधला कुणालाही जाणवेल. थोरल्याने हे गणित वहीच्या मागच्या पानावर स्वतः करून पाहिले आणि मगच पुढे जाऊ दिले.

निकाल

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये दोन्ही कार्डांत आमच्या नियमानुसार फरक निघाला नाही. धाकट्याला हा आपला विजय वाटला, कारण त्याचे कार्ड स्वस्त होते. मी त्याला कार्डाच्या वापराचा रकाना दाखवला. दोन्ही कार्डे बराच वेळ रिकामी बसलेली होती. रायझन ५ ३६०० पुढची फ्रेम मांडून देईपर्यंत त्यांना थांबावे लागत होते. बरोबरी झाली होती ती प्रोसेसरमुळे. कार्डाचा भार हलका करण्यासाठी रिझोल्यूशन कमी करून पाहिल्यावर वेग तसूभरही वाढला नाही, तेव्हा शंका उरली नाही.

सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांची वाट मोजून सावल्या आणि प्रतिबिंबे काढण्याचे तंत्र, बंद ठेवल्यास दोघांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. रे ट्रेसिंग चालू केल्यावर ४०६० स्पष्टपणे पुढे गेले, पण या वर्गातल्या कार्डांवर रे ट्रेसिंग कितपत चालू ठेवावे हाच मुळात प्रश्न आहे, म्हणून त्या आघाडीला मी कमी वजन दिले. टेक्श्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा, दर्जा सर्वांत वर नेल्यावर ८ जीबी मेमरी दोघांचीही अपुरी पडू लागली. इथे बोर्डाचे वय आड येते. बी ४५० बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३ चा आहे आणि आठ लेनवर तो सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती वाहतो, तर नव्या बोर्डावर याच कार्डांना त्याच्या दुप्पट मार्ग मिळतो. मेमरी भरली की कार्डाला रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि अरुंद वाटेवर झटके अधिक बसतात. टेक्श्चर एक पायरी खाली आणल्यावर दोन्ही कार्डे सुरळीत झाली आणि चित्रात कुणाला फरक ओळखू आला नाही.

साहाय्यक तंत्रांची तुलना शेवटी, स्वतंत्रपणे केली. डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालते, एएमडीचे तसेच तंत्र एफएसआर मात्र दोन्हींवर चालते. आधी दोन्हींवर एफएसआरची तीच पातळी लावून वेग मोजला; मग प्रत्येकाला स्वतःचे सर्वोत्तम तंत्र वापरू दिले आणि तिथे वेगाऐवजी चित्र पाहिले. १०८० च्या पडद्यावर ‘क्वालिटी’ पातळी आतून १२८० बाय ७२० चेच चित्र काढते आणि ते वाढवते, त्यामुळे कमतरता लपत नाही. संध्याकाळी नेहमीच्या मुलांना शेजारशेजारच्या दोन मशीनवर बसवले, कॅबिनेट बंद, आकडे दाखवणारी पट्टी बंद, कोणत्या मशीनमध्ये काय आहे हे कुणालाही न सांगता. सायबरपंकमधल्या तारेच्या कुंपणाजवळून गाडी जाताना एक मुलगा थांबला आणि म्हणाला, “सर, याच्यावर जाळी चमचम करतीय.” ते एफएसआर लावलेले ७६०० होते. इतरांनीही तेच मशीन दाखवले. हा फरक कोणत्याही फ्रेमच्या आकड्यात उमटत नाही, आणि तो ४०६० च्या बाजूने जमा करणे योग्य होते.

खोली, वीज आणि कूलर

परदेशी परीक्षक बहुधा थंड खोलीत मोजतात. परभणीत एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२ च्या पुढे जातो, कॅफेत कूलर लावला तरी सहा मशीन चालू असताना खोली तापलेलीच राहते. खोलीचे तापमान जेवढे वाढते, ढोबळमानाने तेवढेच कार्डाचेही वाढते. मग पंखे जोरात फिरतात आणि आवाज वाढतो. म्हणून मी मुद्दाम दुपारच्या पाळीतही मोजले आणि भिंतीवर तापमापक लावून दोन्ही पाळ्यांच्या नोंदी घेतल्या. दोन्हींपैकी कोणत्याही कार्डाने वेग घसरवून घेतला नाही, पण ७६०० चे पंखे लक्षात येतील इतके वाजत होते. कार्डाने ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. सहा कार्डांचा ५० वॉटचा फरक म्हणजे ३०० वॉट, आणि तेवढा भार दुपारच्या वेळी कूलरवर आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पडतो.

युनिटचा हिशोबही मांडला. सहाही मशीन रोज दहा तास पूर्ण भाराने चालली तर फरक दिवसाला ३ युनिट, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९०० युनिट येतो. ही कमाल मर्यादा आहे. व्हॅलोरंट चालू असताना कार्ड पूर्ण भाराने चालतच नाही, त्यामुळे खरा फरक याच्या बराच खाली असतो. तरीही महावितरणच्या बिलावरच्या त्यांच्या व्यापारी दराने निम्मे युनिट धरून गुणले, तेव्हा दोन्ही कार्डांच्या कोटेशनमधल्या फरकाचा मोठा भाग वॉरंटीच्या काळातच भरून निघत होता. घरी रोज दोन तास खेळणाऱ्या विद्यार्थ्याला हाच हिशोब लागू पडत नाही. त्याचा फरक वर्षाला ३६-३७ युनिटचा असतो, तेवढ्यासाठी त्याने महाग कार्ड घेऊ नये. त्याने ७६०० घेतले तर मी त्याला अडवणार नाही.

वॉरंटीबाबत दोघांत उजवे-डावे करण्यासारखे काही नव्हते. ती चिपच्या कंपनीची नसते, कार्ड बनवणाऱ्या कंपनीची असते, आणि कॅफेसारख्या व्यावसायिक वापराला ती लागू आहे का हे पक्के बिल घेण्याआधी लेखी विचारून घ्यावे लागते. ते घेतले.

तिसऱ्या कार्डाचाही विचार झाला. इंटेलचे आर्क बी ५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आले होते, त्याची मेमरी १२ जीबी आणि मार्ग १९२ बिटचा, म्हणजे कागदावर ते दोघांनाही भारी होते. पण २०२५ च्या सुरुवातीलाच अनेक परीक्षकांनी दाखवून दिले की, जुन्या प्रोसेसरसोबत त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर इतका पडतो की वेग चांगलाच घसरतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हरही डायरेक्टएक्स १२ वर चालणाऱ्या गेममध्ये संथ प्रोसेसरवर एएमडीपेक्षा अधिक भार टाकतो, हे २०२१ मध्ये दिसून आले होते. आमच्या गेममध्ये तो फरक निर्णायक ठरला नाही. नवा प्रोसेसर असलेल्या माणसाने बी ५८० ला यादीतून काढू नये. या कॅफेच्या मशीनसाठी मात्र ते बसत नव्हते.

खरेदी

सहा कार्डे घेण्याचा बेत रद्द झाला. वहीतले बहुतेक तास ज्या गेमचे होते, तिथे दोन्ही कार्डे प्रोसेसरची वाट पाहत बसणार होती. म्हणून मोठ्या गेमसाठी राखलेल्या तीन खुर्च्यांवर आरटीएक्स ४०६० आले, आणि उरलेल्या रकमेतून नेमबाजीच्या तीन खुर्च्यांसाठी त्याच बोर्डाच्या एएम ४ खोबणीत बसणारे रायझन ७ ५७०० एक्स ३ डी प्रोसेसर घेतले. तिथली जीटीएक्स १६५० कार्डे हलक्या सेटिंगवर अजून कामाची आहेत. ४०६० च्या बाजूने विजेची बचत, खोलीतली उष्णता आणि डीएलएसएसचे चित्र हे तीन मुद्दे गेले, ७६०० च्या बाजूने किंमत गेली. शुद्ध वेगात दोघे बरोबरीत राहिले, आणि थोरल्याने हे शेवटी धाकट्यासमोर स्वच्छ शब्दांत मान्य केले.

धाकट्याचा एक आक्षेप मात्र उभा आहे आणि तो मला रास्त वाटतो: ८ जीबी मेमरी आता काठावर आहे. २०२५ च्या जूनमध्ये एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी आले, त्याच्या १६ जीबीच्या आवृत्तीची जाहीर किंमत ३४९ डॉलर होती, आणि ते सोळा लेनचे असल्यामुळे बी ४५० बोर्डावरही त्याला ४०६० च्या दुप्पट मार्ग मिळतो. उरलेल्या तीन खुर्च्यांवर नवे कार्ड घ्यायची वेळ येईल तेव्हा ते याच मशीनवर, याच वाटेने, नव्या प्रोसेसरसह आणि त्या दिवसाच्या ड्रायव्हरवर ४०६० शेजारी मोजायचे ठरले आहे. तोवर जुना तक्ता त्यासाठी वापरायचा नाही.